वाण की गुण?

फोन उचलला की माझ्या तोंडून पहिल्यांदा निघतं ते "हं… बोला." आधी घशातून एक लांब हुंकार, मग क्षणभर शांतता, मग 'बोला'. पलीकडचा माणूस जुन्या ओळखीतला असेल तर हटकून विचारतो, "नाना, तुम्हीच ना?" नाना म्हणजे माझे वडील. आवाज तोच, ढबही तीच, त्यामुळे फसगत होणारच. मग "अगदी बापावर गेलास" हे प्रमाणपत्र मिळतं.

गेलो, पण नेमका कशाने गेलो? स्वरतंतूंची लांबी, घशाची ठेवण या गोष्टी बऱ्याच अंशी जनुकांतून येतात. तो हुंकार आणि ते थांबणं मात्र मी लहानपणापासून रोज ऐकत आलोय. म्हणजे आवाज जनुकांचा आणि ढब संगोपनाची, असा वाटा पाडून मोकळं व्हावंसं वाटतं. पण असा हुंकार जाड आवाजालाच शोभतो. किनऱ्या आवाजाच्या मुलाने तो उचलला असता तर चौघांनी हसून दोन दिवसांत सोडायला लावला असता. थोडक्यात, सवय लागली ती कानांमुळे, टिकली ती गळ्यामुळे. फोन उचलण्यासारख्या फुटकळ गोष्टीत एवढा गुंता असेल, तर हुशारी, रागीटपणा, व्यसन, नैराश्य यांच्या वाटणीला बसल्यावर काय होत असेल?

मराठीत दोन्ही पक्षांच्या म्हणी तयार आहेत. एकीकडे 'खाण तशी माती', दुसरीकडे 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला'. ही दुसरी म्हण मला फार आवडते. बीजातून येतं ते वाण आणि शेजारामुळे लागतो तो गुण, असे दोन वेगळे शब्द तिने आधीच करून ठेवलेत.

आता थेट प्रश्न: माणूस घडण्यात वाण जास्त की गुण? शास्त्रज्ञांकडे याचा एक आकडा आहे. सरासरी काढली तर जवळपास निम्मा-निम्मा. आकडा खरा आहे. फक्त तो ऐकल्यावर आपल्या मनात जो अर्थ उमटतो, तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. म्हणून तो कुठून येतो हे आधी पाहू.

वादाला आजचं नाव दिलं फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज संशोधकाने. हा चार्ल्स डार्विनचा नात्यातला भाऊ लागत असे. १८७४ साली त्याने 'निसर्ग आणि संगोपन' ही जोडी एकमेकांसमोर उभी केली आणि लगेचच जुळ्यांचा अभ्यास हाती घेतला. माणूस कल्पक होता, पण त्याचं मन आधीच ठरलेलं होतं: कर्तबगारी रक्तात असते. १८८३ मध्ये त्याने 'युजेनिक्स' हा शब्द बनवला, म्हणजे 'चांगल्या' माणसांची पैदास वाढवण्याचं शास्त्र. पुढे याच विचाराखाली अमेरिकेत सक्तीच्या नसबंदीचे कायदे झाले (पहिला १९०७ मध्ये, इंडियाना राज्यात) आणि नाझी जर्मनीत तो कुठे पोचला हे सगळ्यांना माहीत आहे. याची प्रतिक्रिया म्हणून लंबक दुसऱ्या टोकाला गेला. १९२० च्या दशकात जॉन वॉटसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने जाहीर करून टाकलं की मला डझनभर धडधाकट बाळं द्या, त्यातल्या कुणालाही मी डॉक्टर, वकील, कलावंत किंवा अगदी चोरही बनवून दाखवतो. पुढच्याच वाक्यात त्याने कबूल केलं होतं की हे मी पुराव्यापलीकडे जाऊन बोलतोय. ते वाक्य कुणी लक्षात ठेवत नाही.

खरी मोजणी जुळ्यांवरून होते. जुळी दोन प्रकारची. एकबीज जुळी एकाच फलित पेशीचे दोन भाग होऊन जन्मतात, त्यांची जनुकं जवळजवळ तंतोतंत सारखी. द्विबीज जुळी दोन वेगळ्या बीजांतून येतात. ती साध्या भावंडांसारखीच, फक्त एकाच वेळी जन्मलेली. माणसामाणसांत जी जनुकं वेगवेगळी असतात, त्यांतली सरासरी निम्मी त्यांच्यात सारखी असतात. दोन्ही प्रकारची जुळी एकाच घरात, एकाच वयात वाढतात. मग एकबीज जोड्या द्विबीज जोड्यांपेक्षा जितक्या जास्त सारख्या निघतील, तितकं त्या जादा साम्याचं श्रेय जनुकांना.

उदाहरण घेऊ. समजा, एकबीज जुळ्यांच्या उंचीतलं साम्य ०.९ आलं (काहीच साम्य नसेल तर ०, पूर्ण असेल तर १) आणि द्विबीजांचं ०.५. फरक ०.४. हा फरक निम्म्या जनुकांच्या जास्तीच्या साम्यामुळे पडला, म्हणून पूर्ण जनुकांचा हिशेब करायला त्याची दुप्पट: ०.८. म्हणजे ८० टक्के. उंचीसाठी प्रत्यक्षातही आकडा साधारण एवढाच येतो. या टक्केवारीला 'हेरिटॅबिलिटी' म्हणतात. मराठीत अनुवंशक्षमता वगैरे शब्द आहेत, पण ते वापरून कुणाच्या डोक्यात उजेड पडलेला मी पाहिलेला नाही.

या पद्धतीवर आक्षेप आहेत. एकबीज जुळ्यांना लोक सारखे कपडे घालतात, एकसारखं वागवतात, म्हणजे त्यांचं संगोपनही जास्त सारखं असू शकतं. त्याला उत्तर म्हणून जन्मतःच ताटातूट झालेल्या जुळ्यांचा शोध सुरू झाला. १९७९ मध्ये थॉमस बुशार्ड यांनी मिनेसोटा विद्यापीठात सुरू केलेला अभ्यास त्यातला सर्वांत गाजलेला. त्यात वेगळ्या घरांत वाढलेल्या शंभराहून अधिक जोड्या आल्या. १९९० मध्ये त्यांनी लिहिलं की बुद्ध्यांकातल्या फरकांपैकी सुमारे ७० टक्के फरक जनुकांशी जोडता येतात. त्यातल्या पहिल्या जोडीची गोष्ट तुम्हीही कुठेतरी वाचली असेल: दोघांचं नाव जिम, दोघांच्या पहिल्या बायकांचं नाव लिंडा, दुसऱ्यांचं बेटी. ऐकायला झकास. पण बायकोचं नाव निवडणारं जनुक नसतं. एकाच प्रांतातल्या, एकाच वयाच्या कुठल्याही दोन पुरुषांना समोरासमोर बसवून आठवडाभर प्रश्न विचारले, तर चार-दोन अजब योगायोग निघतीलच. अभ्यासाचं वजन मोजमापांत आहे. भाव मात्र लिंडा-बेटीच खाऊन जातात.

२०१५ साली गेल्या पन्नास वर्षांतले जुळ्यांचे २,७४८ शोधनिबंध एकत्र करून हिशेब मांडला गेला. १७,८०४ गुणधर्म आणि सुमारे १ कोटी ४५ लाख जोड्या (काही जोड्या पुन्हा पुन्हा मोजलेल्या धरून). सगळ्याची सरासरी निघाली ४९ टक्के. तो 'निम्मा-निम्मा' इथून येतो.

आता खरी अडचण. हा आकडा माणसामाणसांतल्या फरकांबद्दल बोलतो. एका माणसाबद्दल तो काहीच बोलत नाही. "माझी निम्मी बुद्धी आईबापांच्या जनुकांची आणि निम्मी शाळेची" या वाक्याला अर्थच नाही. टाळी वाजली, त्यात उजव्या हाताचा आवाज किती आणि डाव्याचा किती, असं विचारण्यासारखं ते आहे. शंभर माणसं टाळ्या वाजवत असतील आणि कुणाची मोठी, कुणाची बारीक का, असं विचारलंत, तर मात्र उत्तर शोधता येतं. कदाचित सगळ्यांचे डावे हात सारखेच असतील आणि फरक उजव्यांमुळेच पडत असेल. पण डाव्या हाताशिवाय टाळी एकाचीही वाजलेली नाही.

हातांवरून बोटं आठवली. हाताला पाच बोटं का? जनुकांमुळे, यात वाद नाही. पण बोटांच्या संख्येची हेरिटॅबिलिटी काढली तर ती शून्याच्या आसपास येते. कारण ज्यांच्या हाताला कमी बोटं असतात, त्यांच्यापैकी बहुतेकांची ती यंत्रात किंवा अपघातात गेलेली असतात. फरक अपघातांमुळे पडला, म्हणून टक्केवारी शून्य. घडण मात्र पूर्ण जनुकांची. हे एकदा नीट पटलं की या विषयावरच्या अर्ध्या बातम्या वाचायची गरज उरत नाही.

दुसरं असं की हा आकडा दगडावरची रेघ नाही. उंचीची हेरिटॅबिलिटी ८० टक्के, म्हणजे उंची जवळपास ठरलेलीच, असं वाटतं ना? दक्षिण कोरियात १८९६ मध्ये जन्मलेल्या बायकांपेक्षा १९९६ मध्ये जन्मलेल्या बायका सरासरी २० सेंटिमीटरने उंच झाल्या. शंभर वर्षांत जनुकं बदलत नाहीत. पोटभर सकस अन्न मिळालं, लहानपणचे आजार कमी झाले. वर्गात कोण कुणापेक्षा उंच हे मुख्यतः जनुकं ठरवत राहिली, आणि अख्खा वर्गच वीतभर वर सरकला. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या.

यातून एक उलटी वाटणारी गोष्ट निघते. सगळ्या मुलांना सारखं अन्न, सारखी शाळा, सारखी औषधं दिलीत तर परिस्थितीमुळे पडणारे फरक मिटतील. उरलेले फरक जनुकांचे, म्हणून हेरिटॅबिलिटीचा आकडा वाढेल. "बघा, सगळं जनुकांतच आहे" म्हणून कुणी असा मोठा आकडा तोंडावर फेकला, तर तो कदाचित त्या समाजाने मुलांना बऱ्यापैकी समान संधी दिल्याचा पुरावा असू शकतो.

आणि जनुकांतून आलेलं म्हणजे न बदलणारं, हा तर सगळ्यांत चिवट गैरसमज. त्यासाठी १९३४ मधल्या ऑस्लोला जावं लागेल. एका आईची दोन मुलं जन्मली तेव्हा ठीक होती, पण वाढताना दोघांचीही बुद्धी खुंटत गेली. मुलांच्या अंगाला एक विचित्र कुबट वास येतो, हे तिने हेरलं होतं. डॉक्टरांमागून डॉक्टर झाले, कुणी त्या वासाकडे लक्ष दिलं नाही. शेवटी आस्ब्योर्न फोलिंग या डॉक्टरने मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकून पाहिलं आणि द्रावण गडद हिरवं झालं. असा रंग त्याने कधी पाहिला नव्हता. ती आई मग कित्येक लिटर लघवी गोळा करून आणत राहिली आणि त्यातून आजार सापडला. त्याला आज पीकेयू म्हणतात. एका जनुकात बिघाड असतो, त्यामुळे प्रथिनांमधला फेनिलअॅलनिन नावाचा घटक शरीराला मोडता येत नाही. तो रक्तात साचतो आणि वाढत्या मेंदूचा घात करतो.

आजार नखशिखान्त आनुवंशिक. उपाय काय? आहार. १९५० च्या दशकात फेनिलअॅलनिन अगदी कमी असलेला आहार देऊन पाहिला गेला. पुढच्या दशकात रॉबर्ट गथ्री यांनी सोपी चाचणी काढली: नवजात बाळाच्या टाचेला बारीक टोचायचं आणि रक्ताचा थेंब टिपकागदावर घ्यायचा. थेंबात दोष सापडला आणि पहिल्या काही आठवड्यांतच आहार सुरू झाला, तर तेच सदोष जनुक घेऊन ते मूल इतरांसारखं शिकतं, नोकरी करतं. जनुक जागच्या जागी आहे, ताट बदललं. आता या आजारात जनुकांचा वाटा किती आणि आहाराचा किती? दोघांचाही शंभर टक्के, आणि बेरीज दोनशे होते म्हणून कुणी भांडायला येऊ नये.

संगोपनाकडे वळलं की एक अनपेक्षित धक्का बसतो, तो मुख्यतः पालकांना. दत्तक मुलं आणि जुळी यांच्या अभ्यासांतून वारंवार दिसलंय की एकाच घरात वाढल्यामुळे भावंडं स्वभावाने फारशी एकसारखी होत नाहीत. रक्ताचं नातं नसलेली, पण एकाच छताखाली वाढलेली दोन मुलं मोठेपणी स्वभावाने जवळजवळ अनोळखी माणसांइतकीच वेगळी असतात. संगोपन फुकट गेलं, असा याचा अर्थ होत नाही. एकच घर दोन मुलांसाठी एक नसतं. आईबापांची कडाक्याची भांडणं झाली तेव्हा थोरली बारा वर्षांची होती आणि दाराआड उभी राहून ऐकत होती. धाकटा तीन वर्षांचा होता, झोपला होता. पत्ता एकच, बालपणं दोन. शिवाय मित्र वेगळे, शिक्षक वेगळे, आजारपणं वेगळी. मोजणाऱ्यांच्या हिशेबात वातावरणाचा वाटा चांगला मोठा आहे. पण त्यातला बराचसा या एकेकट्याच्या वाट्याला आलेल्या गोष्टींचा असतो.

मात्र ही झाली बऱ्यापैकी चालणाऱ्या घरांची गोष्ट. घर नावाची गोष्टच काढून घेतली तर काय होतं, हे रोमानियात दिसलं. १९८९ अखेर तिथला हुकूमशहा चाउशेस्कू याची राजवट कोसळली तेव्हा सरकारी बालगृहांमध्ये लाखाहून जास्त मुलं होती. खायला मिळत होतं, पण पाळण्यात पडलेल्या बाळाशी बोलणारं, त्याला उचलून घेणारं कुणी नव्हतं. २००० सालापासून बुखारेस्टमध्ये अशा १३६ बाळांचा अभ्यास झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी मुलं निवडून त्यांना सांभाळ करणाऱ्या कुटुंबांत ठेवलं गेलं, बाकीची आधीच्याच व्यवस्थेत राहिली. साडेचार वर्षांची झाली तेव्हा घरात गेलेल्यांचा बुद्ध्यांक सरासरी सुमारे ८ गुणांनी जास्त होता आणि साधारण दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांना सर्वाधिक फायदा झाला होता. चिठ्ठीवर निवड झाली होती, त्यामुळे इथे जनुकांचं कारण पुढे करायला जागा नाही. रोपाला पाणी पुरेसं असताना आणखी दोन तांबे ओतले तर फरक पडत नाही. पाणीच नसेल तर बियाणं कितीही उत्तम असो.

वाण आणि गुण एकमेकांत किती विणलेले असतात हे वय वाढतं तसं जास्त दिसतं. ११,००० जुळ्या जोड्यांच्या एका अभ्यासात बुद्धिमत्तेची हेरिटॅबिलिटी ९ व्या वर्षी ४१ टक्के, १२ व्या वर्षी ५५ आणि १७ व्या वर्षी ६६ टक्के निघाली. वय वाढेल तसे अनुभव साचतात, तेव्हा जनुकांचा वाटा घटायला हवा ना? होतं उलटं, कारण मोठं होणारं मूल आपली परिस्थिती स्वतः निवडायला लागतं. ज्याला वाचायची ओढ आहे ते पुस्तकांच्या मागे लागतं, वाचणारे मित्र जोडतं. शिक्षकही त्याला अवघड प्रश्न घालतात. जनुकांतला बारीकसा कल परिस्थितीच्या हाताने मोठा होतो, आणि हिशेबात तो सगळा जनुकांच्या खात्यावर जमा होतो.

उलट दिशेनेही तसंच. वाचणारे आईबाप मुलाला जनुकं देतात आणि घरभर पुस्तकंही देतात. हे दोन वेगळे कसे करायचे? आइसलँडमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक देखणी युक्ती वापरली. प्रत्येक पालक आपली निम्मीच जनुकं मुलाला देतो. जी निम्मी मुलाकडे आलीच नाहीत, त्यांचा मुलाच्या शिक्षणाशी संबंध दिसतो का, हे त्यांनी तपासलं. दिसला, आणि मुलाकडे आलेल्या जनुकांच्या परिणामाच्या साधारण ३० टक्के एवढा. जे जनुक मुलात नाहीच, ते मुलावर परिणाम करणार तर आईबापांच्या वागण्यातूनच. वाणच गुणाच्या वाटेने आला म्हणा.

'रागाचं जनुक', 'हुशारीचं जनुक' अशा बातम्यांबद्दल फार वेळ घालवत नाही. माणसात प्रथिनं घडवणारी जनुकं २०,००० च्या आसपास. जनुक म्हणजे ढोबळमानाने एखादं प्रथिन कसं बनवायचं याची कृती. त्यात राग लिहिलेला नसतो. उंचीसारख्या सरळ गोष्टीसाठी २०२२ मध्ये ५४ लाख लोकांचा डीएनए तपासला, तेव्हा संबंधित अशा १२,१११ जागा सापडल्या. प्रत्येकीचा परिणाम कणभर. नैराश्यासाठी पूर्वी ज्या १८ जनुकांचा फार गवगवा झाला होता, ती २०१९ मध्ये लाखो लोकांच्या माहितीवर तपासली, तर वाटेल ती जनुकं उचलली असती तरी एवढाच संबंध दिसला असता, इतकी फोल निघाली. लाळ पाठवा आणि मुलाचं करिअर जाणून घ्या असं कुणी सांगत असेल, तर लाळ आणि पैसे दोन्ही वाचवा.

एवढं झाल्यावर एक तिसरा गडी उरतो, ज्याचं नाव वादात कुणी घेत नाही. २२ डिसेंबर २००१ ला टेक्सासमध्ये मांजराचं पहिलं क्लोन जन्मलं. मूळ मांजर रेनबो, तीन रंगांची: पांढऱ्यावर काळे आणि नारिंगी ठिपके. तिच्या एका पेशीतून जन्मलेल्या पिल्लाचं नाव सीसी. जनुकं तीच, आणि सीसीच्या अंगावर नारिंगी केस एकही नाही. पांढऱ्यावर करडे-तपकिरी पट्टे. नारिंगी रंगाचं जनुक मांजरांत एक्स गुणसूत्रावर असतं. मादीत अशी दोन गुणसूत्रं असतात आणि गर्भाच्या सुरुवातीच्या काळात प्रत्येक पेशी दोहोंपैकी एकाला कुलूप लावते. कुठल्याला, ते नाणेफेकीसारखं ठरतं. ज्या पेशीतून सीसी बनवली तिच्यात नारिंगीवालं गुणसूत्र कुलपात होतं. इथे जनुकं बदलली नव्हती, कुणाचे संस्कारही कमी पडले नव्हते. नाणं तसं पडलं, एवढंच.

आपल्याही पेशी वाढताना अशी लाखो नाणी पडत असतात. एकबीज जुळ्यांच्या बोटांचे ठसे वेगळे असतात ते त्यामुळेच. स्किझोफ्रेनियासारख्या ठळक आनुवंशिक ओढ असलेल्या आजारातही एका एकबीज जुळ्याला तो झाला तर दुसऱ्याला होण्याची शक्यता फार तर निम्मी असते. जुळ्यांच्या हिशेबात हे सगळं 'वातावरण' या खात्यात ढकललं जातं, कारण तिसरं खातंच नाही. माझ्या मते या वादातली मोठी लबाडी ती हीच. मूल बिघडलं की आईला धरायचं नाहीतर खानदानाला, नशिबाच्या नाण्याला कुणी जाब विचारत नाही.

नाना आता ऐंशीच्या पुढे आहेत, फोन कमीच उचलतात. परवा मी आंघोळीला गेलो असताना त्यांच्या एका जुन्या मित्राचा फोन आला, तो बायकोने घेतला. बाथरूममधून मला ऐकू आलं: एक लांब हुंकार, क्षणभर शांतता, मग "बोला." लग्नाला आता बावीस वर्षं झाली.